पार्वताबाईचं कुंकू

आदिलाबादला जाऊन आले म्हटल्यावर ऑफिसातल्या बायकांनी मला एकच प्रश्न विचारला, "तिथं बघायला काय आहे?" एकीनं तर मोठा धबधबा कसा वाटला तेही विचारलं. धबधबा मी पाहिला नाही. मी तिथं एक जुनी वही पाहायला गेले होते, आणि हे ऐकून सगळ्यांनी माझ्याकडे काळजीनं पाहिलं. जमिनीच्या कागदांच्या कचेरीत वीस वर्षं कारकुनी करणारी बाई रजा काढून दुसऱ्या राज्यात जमिनीचे कागद बघायला जाते, म्हणजे हिला झालंय तरी काय!

झालं होतं ते माझ्या आत्याला. सुभद्राआत्या, माझ्या वडिलांची थोरली बहीण. ती चार वर्षांची असताना तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा सखाराम, जमीन बघायला पैनगंगा ओलांडून निजामाच्या इलाख्यात गेले. तेव्हा आमच्या यवतमाळकडची पुष्कळ माणसं अशी जात. तिकडे काळी जमीन मोकळी पडून आहे, असा बोलबाला होता. आजी तेव्हा पोटुशी होती, पोटात माझे वडील. महिन्याभरानं आजोबांचं एक कार्ड आलं. 'मुक्काम धानोरी. जमीन चांगली आहे. कपाशी निघाली म्हणजे न्यायला येतो.' त्यानंतर कितीतरी कपाशा निघाल्या. आजोबा आले नाहीत.

आजी, पार्वताबाई, लोकांच्या निंदणाला जाऊन दोन मुलं पोसत राहिली. बारा वर्षं झाल्यावर भावकीतले लोक म्हणाले, आता त्याची क्रिया उरकून टाकू. आजीनं विळा उगारला म्हणतात. "माह्या कुंकवाले हात लावाले कोणी येऊ नका." कोणाला तिकडे शोधायलाही जाऊ दिलं नाही. शोधलं की कळणार, आणि कळलं की पुसावं लागणार, हे तिनं पुरतं ओळखलं होतं. मला आजी आठवते ती तिच्या कपाळासकट. आधी मेण लावायचं आणि त्यावर रुपयाएवढं कुंकू. मी चौथीत असताना ती गेली. तिला कसं न्यायचं यावर तिरडीजवळच वाद झाला, तेव्हा आत्यानं कोणाचं ऐकलं नाही. हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली, स्वतःच्या हातानं मळवट भरला. तेव्हापासून पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला, म्हणजे सवाष्ण गेलेल्या बाईच्या दिवशी, आमच्या घरी आजीचं पान वाढतात आणि एका सवाष्णीला जेवू घालतात; वडील गेल्यापासून हे मीच करते. आजोबांचं पान कधीच वाढलं नाही. जिवंत माणसाचं कसं वाढायचं?

दोन वर्षांपूर्वी आत्याचे यजमान गेले. तिचं स्वतःचं कुंकू पुसलं गेलं आणि तेव्हापासून तिला हे पोखरायला लागलं. आपण आईला सवाष्ण म्हणून पाठवलं ते खरं होतं की खोटं? खोटं असेल तर इतकी वर्षं नवमीचं पान कोणाला पोचलं? यंदा गणपती उठल्यावर तिनं मला बोलावलं आणि ते पिवळं पडलेलं कार्ड हातात दिलं.

"तू कागदं वाचतं ना? मंग वाचून ये. तो माणूस कवा मेला, मायच्या आंदी का मागून, एवढंच पाय. बाकी त्याचं मले काईच नाई पायजे."

"आणि आधी मेला असेल तर?"

"तर यंदा नवमी करू नको," आत्या म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

द्वितीया

माझ्या रजेच्या अर्जावर तारखा आहेत, पण ह्या प्रवासातले दिवस मी तिथीनंच मोजले, कारण नवमीच्या आत परत यायचं होतं. पितृपंधरवड्यात कोणी नव्या कामाला हात घालत नाही, त्यामुळे यष्टी रिकामी होती. पांढरकवडा गेलं, पाटणबोरी गेली आणि पैनगंगेचा पूल आला. नदी दुथडी नव्हती, पण भरलेली होती, आमच्या चहासारखी दाट तांबूस. लहानपणी 'निजामाचा इलाखा' म्हटलं की मला लंकेएवढा लांब वाटायचा. पूल ओलांडायला मिनिटभरही लागलं नाही. पलीकडे तशीच काळी जमीन, तशीच पात्यांवर आलेली कपाशी, बांधावर तेच सागाचे पांढरे तुरे. फक्त पाट्यांवरची अक्षरं गोल गोल झाली. मला उगाचच फसवल्यासारखं वाटलं. इतकं जवळ होतं तर!

मुक्काम आदिलाबादला लागून असलेल्या मावल्याला होता, माझ्या मैत्रिणीच्या नणंदेकडे. त्या शाळेत शिकवतात. चार पिढ्या आदिलाबादेत काढलेलं मराठी घर. मुलं बापाशी मराठीत भांडतात आणि आपसात तेलुगूत गुपितं बोलतात. जेवायला ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी होती, म्हणजे आमच्याकडचीच. पण धाकटी म्हणाली, "पुंटीकूर आहे." मी म्हटलं, ही आंबाडी. ती म्हणाली, नाही, पुंटीकूर. चव घेऊन पाहिली तर दोघी बरोबर होतो. आमच्यापेक्षा इथं मिरची दुप्पट आणि शेवटी भात हवाच.

तृतीया आणि चतुर्थी

कचेरीतल्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी आयुष्य काढलं. बाहेरच्या बाजूला उभं राहायची वेळ पहिल्यांदाच आली. माणसाला खिडकीतून फक्त कारकुनाची मान दिसते, आणि ती मान वर होईपर्यंत त्याचा जीव कसा टांगणीला लागतो, ते मला तिथं कळलं. मी मनातल्या मनात आमच्या तालुक्यातल्या निदान शंभर म्हाताऱ्यांची माफी मागितली.

मान वर झाली. कारकून तेलुगू होता आणि भला होता. हिंदीत म्हणाला, "अम्मा, उस जमाने का सब उर्दू में है. मैं भी नहीं पढ़ सकता. बाहर नीम के नीचे पुराने पटवारी बैठते हैं, उनको लेके आओ."

कडुनिंबाखाली धोतर, काळी टोपी आणि जाड भिंगांचा चष्मा असे एक गृहस्थ बसले होते. हे गोविंदराव. पटवारकी सरकारनं काही वर्षांपूर्वी बंद केली, पण जुनी उर्दू वाचणारं दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून लोक त्यांना शोधत येतात. मी माझं काम सांगितलं. त्यांनी कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "धानोरी भीमपूरच्या आंगं आली. पन तुमी इतकी वर्सं काऊन नाई आल्या?"

'का'च्या जागी ते 'काऊन' ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

दोन दिवस आम्ही दोघं त्या खोलीत बसलो. धूळ, झुरळं आणि बैलाच्या पाठीएवढ्या रुंद वह्या. आमच्याकडचा सातबारा तशी तिकडची पहाणी: कोणाची जमीन, कोण कसतो, काय पेरलं. आमचा फेरफार तशी त्यांची विरासत: माणूस मेला की जमीन कोणाच्या नावे चढली याची नोंद. गोविंदरावांना आमच्या सातबाराचं भारी कुतूहल. पाठकोऱ्या कागदावर मी त्यांना सगळे रकाने काढून दाखवले, तर म्हणाले, "तुमचं सुटसुटीत हाये, पन आमच्यात माणूस जास्ती दिसते." ती गोष्ट खरी होती. त्यांच्या रकान्यात प्रत्येकाच्या नावापुढे 'वल्द' अमुक, म्हणजे अमुकचा मुलगा, असं बापासकट लिहिलेलं.

पहिल्या दिवशी काहीच सापडलं नाही. मी सगळ्या वह्या जुन्याकडून नव्याकडे चाळत होते, आमच्याकडची सवय. दुसऱ्या दिवशी गोविंदरावांनी उलटं सुरू केलं. "मागं चाला बाई. आज जो कसून राह्यला त्याच्यापासून बापाकडं जायाचं." अशानं दुपारी एका वहीत त्यांचं बोट थांबलं.

"सखाराम वल्द तुकाराम. कुणबी. रहनेवाला वऱ्हाड."

तुकाराम आमच्या पणजोबांचं नाव. इतकी वर्षं आमच्या घरात जो माणूस फक्त एका कार्डात होता, तो वहीत चांगला चौदा एकरांचा धनी होऊन बसला होता. मला आनंद झाला, हे कबूल करते. वहीवर हात ठेवून मी नुसती बसून राहिले. मग सवयीनं विचारलं, "याच्या आधी कोणाच्या नावावर होती?"

गोविंदरावांनी एक वही मागे जाऊन वाचलं. "माणकू वल्द जंगू. गोंड."

"मग मधली नोंद? खरेदी, बक्षीस, काही?"

"काई नाई." त्यांनी चष्मा काढून पुसला. "अशी लय पानं हायेत बाई. कागदात त्यो होता, मंग नाई. इंद्रवेल्लीला गोंडांवर काऊन गोळ्या चालल्या असं लोक इचारतात. या खोलीत बसलं का समजते." आमच्याकडे अशी नोंद आली असती तर मी लाल शाईनं प्रश्नचिन्ह केलं असतं. तिथं माझ्याकडे लाल पेन नव्हतं, आणि जमीन माझ्याच आजोबाची होती.

मग पुढे. पुढच्या पहाणीत सखाराम नव्हता, त्याच्या जागी अनसाबाई नावाची बाई होती. "माणूस उतरला म्हंजे विरासत असलीच पायजे," गोविंदराव म्हणाले, आणि पंधरा मिनिटांत त्यांनी ती काढली. उर्दू ओळ त्यांनी बोटानं उजवीकडून डावीकडे वाचली. सखाराम फौत झाला. महिना अमरदाद, पुढे फसली साल. फसलीत पाचशे नव्वद मिळवले की इसवी सन निघतं, हे मलाही येतं. पोलीस ॲक्शनला पाच वर्षं होत आली होती तेव्हाचं साल निघालं. मी चौथीत गेले ते साल त्याहून चार वर्षांनी पुढचं.

म्हणजे आजोबा आजीच्या आधी चार वर्षं गेले होते.

"वारस," गोविंदराव वाचत होते, "एक लडका, शामराव. आन् बेवा, अनसाबाई."

बेवा म्हणजे विधवा. त्या रकान्यात एकच बेवा लिहिली होती. दुसरी त्याच दिवशी यवतमाळला मेणावर कुंकू लावून कोणाच्या तरी शेतात निंदायला गेली असेल. मला त्या माणसाचा मनापासून राग आला. रडूही आलं. गोविंदरावांनी वही मिटली नाही, त्यांनी दुसरीकडे पाहिलं. मग हळू म्हणाले, "तुमचं काम झालं नाई का? तारीख पायजे होती ना?"

तारीख मिळाली होती, कचेरीचा शिक्का मारलेल्या नकलाही. मी दुसऱ्याच दिवशी घरी पोचून आत्याला ती सांगू शकले असते. पण तो शामराव म्हणजे माझा सावत्र काका, आणि तो भीमपूरच्या पुढे, आदिलाबादेहून दीड-दोन तासांवर राहत होता. नोंद बघितली आणि जागा बघितली नाही, असं मी नोकरीतही कधी केलं नाही.

पंचमी

भीमपूरच्या बाजूला जाणारी बस मधेच थांबली. पुढे नाल्याला पाणी होतं. निंदणाला जाणाऱ्या बायकांची एक बैलगाडी मिळाली, तीही धानोरीच्या अलीकडे वळली. शेवटचा मैल चालत. काळ्या मातीनं माझी एक चप्पल अशी धरली की ती काढताना तिचा अंगठाच तुटला. म्हणून माझ्या सावत्र काकाच्या दारात मी पहिल्यांदा उभी राहिले ती एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात नकलांची पिशवी, आणि गुडघ्यापर्यंत चिखल, अशा थाटात.

शामराव बाजेवर बसून दोरी वळत होते. पन्नाशीचे. नाक पाहिलं आणि मी चपापले. माझ्या वडिलांचं नाक.

"मी यवतमाळून आले. सखाराम तुकाराम माझे आजोबा."

दोरी थांबली. "कोनाचे आजोबा? आमच्या बापाले तिकडं कोनीच नव्हतं. पयली बायको बायतपनात मेली. लेकरू बी गेलं."

ते बाळंतपण म्हणजे माझे वडील. आजोबांनी त्यांना जन्मायच्या आधीच मारून टाकलं होतं. मी म्हटलं, "ते लेकरू अठ्ठावन्न वर्षं जगलं, काका. मी त्याचीच मुलगी."

शामरावांची नजर माझ्या पिशवीवर गेली. नकलेवरचा शिक्का बाहेर दिसत होता. त्यांचा आवाज चढला. "मंग कागदं घेऊन काऊन आल्या? वाटा मांगाले? चाळीस वर्सं झाली, आमी कसून राह्यलो हे जमीन!"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. कागद घेऊन दारात आलेल्या नातेवाइकाला दुसरं काय समजतात! मी नक्कल काढून त्यांच्या हातात दिली. "हे ठेवा तुम्हीच. मला जमीन नको. मला आजोबा गेल्याची तारीख पाहिजे होती, ती भेटली. आत्यानं तेवढ्यासाठीच पाठवलं."

"आत्या?" आतून आवाज आला. "कोन आत्या? शाम, कोन आलं?"

दाराला धरून एक म्हातारी बाहेर आली. पांढरं लुगडं, हाडाची लहान, डोळ्यात मोतीबिंदू. हीच अनसाबाई. वहीतली बेवा.

"कोनाची नात म्हनलं?"

"पार्वताबाईची."

तिचा हात गळ्याकडे गेला. गळ्यात काहीच नव्हतं. ती हळूहळू ओट्यावर बसली आणि म्हणाली, "हे नाव मी रोज घेते, माय. तुले कसं मालूम?"

मग तिनं सुनेकडून देवघरातून एक गोष्ट मागवली. नखाएवढ्या चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बाईची आकृती. ओळखायला मला वेळ लागला नाही, आमच्याकडेही ही रीत होती. पहिली बायको मेलेल्या माणसाशी लग्न केलं की दुसरीनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा, सकाळी आधी त्याला कुंकू लावायचं आणि मगच स्वतःच्या कपाळाला. नाहीतर गेलेली सवत रुसते, मुलाबाळांवर उठते. म्हणजे आजोबा सोनारासमोर बसले असणार, आणि जिवंत बायकोचा टाक त्यांनी घडवून घेतला असणार, कारण त्याशिवाय अनसाबाईच्या बापानं मुलगी दिली नसती.

"तुही आजी," अनसाबाईनं विचारलं, "कोन्या साली गेली?"

मी सांगितलं. तिनं बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं.

"त्याइच्या मागून?"

"चार वर्षांनी."

"म्हंजे मी जित्या बाईले पूजत व्हती?"

शामराव दोरी खाली ठेवून ऐकत होते.

"माही पयली दोन लेकरं गेली," अनसाबाई म्हणाली. "लोक मनत, सवतीनं नेली. मी दर साली तिच्या नावानं लुगडं ठेवो. पाया पडो. मनो, बाई, तुहं सारं तुले देते, तिसरं तेवढं ठेव." तिनं हातानं शामरावांकडे दाखवलं. "आन् दुसरं गेलं तवा लय शिव्या देल्या. टाक दगडानं ठेचाले घेतला. हे पाय."

तिनं माझं बोट धरून टाकावर फिरवलं. आकृतीच्या खांद्याजवळ खड्डा होता.

"मंग भेव वाटलं. धुतला, कुंकू लावलं. ती तवा तिकडं काय करून राह्यली व्हती?"

"लोकांच्या शेतात निंदत होती, आजी. दोन मुलं होती तिला."

"तिले माहं काई मालूम व्हतं?"

"काहीच नाही."

अनसाबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज तसाच राहिला. तिला आजीबद्दल सगळंच पाहिजे होतं. काळी होती का गोरी, दळताना गाणं म्हणे का, केस किती होते. मी नऊ वर्षांची नात, मला काय आठवणार! जेवढं आठवलं तेवढं सांगितलं. मेणाची डबी सांगितली. हिरवं लुगडं सांगितलं. आत्यानं मळवट भरला तेही सांगितलं. तोवर काकूनं, म्हणजे शामरावांच्या बायकोनं, माझे पाय धुवायला ऊन पाणी आणलं होतं आणि शामरावांनी कोणाला न सांगता माझ्या चपलेला सुतळीनं नवा अंगठा करून दिला होता. दुपारी भाकरी, तुरीचं वरण, मिरचीचा ठेचा. वाढताना काकू म्हणाली, "सासऱ्याचं पित्तर बारशीले असते. तवर राहाव ना." बारशी म्हणजे द्वादशी. मला नवमीच्या आत घरी जायचं होतं. द्वादशी मात्र मी मनात लिहून घेतली.

जेवण झाल्यावर शामरावांनी मला शेत दाखवायला नेलं. कपाशी कमरेएवढी, पलीकडे ज्वारी, ज्वारीच्या पलीकडे उतार आणि खाली पैनगंगा. समोरच्या काठावर एक बाई म्हशी धूत होती. "थे तुमचं," शामराव म्हणाले. "म्हाराष्ट्र." हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. आजोबा रोज इथं नांगरायला येत असणार आणि समोर बघत असणार, किंवा मुद्दाम बघत नसणार. मला आजोबांना खूप काही विचारायचं होतं, आणि नुसतं बघायचंही होतं एकदा.

निघताना मी अनसाबाईला मुद्द्याचं विचारलं. "आजोबा गेल्यावर टाकाचं काय केलं?"

"माहं पुसलं, तवा गयातून काढला आन् देवात ठेवला. पन तिचं कुंकू काऊन पुसाव? ती तर सवाष्ण गेली व्हती ना, माह्या हिशोबानं. लावत राह्यली. रांडमुंड बाईनं कुंकवाले बोट लावू नाई मनतात, म्हनून पऱ्हाटीच्या काडीनं लावो. आजवर कधी खाडा नाई केला." तिनं टाक फडक्यात बांधून माझ्या हातावर ठेवला. "घेऊन जाय."

काकू घाबरून सासूला म्हणाली, "आत्याबाई, पित्तरपाठात देवातलं हालवाव का?"

"देव नाई तो. माणूस हाये," अनसाबाई म्हणाली. "जाऊ दे तिले तिच्या घरी."

नवमी

यवतमाळला पोचल्यावर दोन दिवस मी आत्याकडे फिरकलेच नाही. काम आहे, पाय दुखतो, अशी कारणं सांगितली. खरं म्हणजे धीर होत नव्हता. नोंदीत खाडाखोड करायची नाही, हे मी नव्या कारकुनांना शिकवते. आणि ही नोंद जशीच्या तशी वाचून दाखवली तर एका म्हातारीनं आपल्या आईसाठी केलेलं सगळंच खोटं ठरत होतं.

नवमीला सकाळी आत्याच आमच्याकडे आली. स्वयंपाकघरात डोकावली. चूल थंड, पीठ भिजवलेलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. भिंतीला टेकून ती खाली बसली.

"आंदी मेला."

"हो. चार वर्षं आधी."

"चार वर्सं," आत्या म्हणाली. "चार वर्सं माय इधवा व्हती. आन् ती मेल्यावर मी तिले मळवट भरला."

मग मी सगळं सांगितलं. जवळजवळ सगळं. चार वर्षांच्या सुभद्रेचं नाव त्या घरात कधीच निघालं नव्हतं, ते मी सांगितलं नाही. ते मी इथं लिहिते आहे कारण आत्याला वाचता येत नाही. अनसाबाईचं ऐकताना आत्या आधी चिडली. "सवत!" म्हणून थुंकली. दोन लेकरांचं ऐकल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं. मी फडकं सोडून टाक तिच्या हातावर ठेवला. आमच्याकडे आजीचा फोटो नाही. हा चेहरा काही आजीचा नव्हता, सोनारानं कोणत्याही बाईचा काढावा तसा काढला होता. तरी आत्या त्याच्याकडे बघत राहिली.

"तो मेल्यावर बी तिनं लावलं?"

"रोज. अजूनपर्यंत. काडीनं."

"म्हंजे त्या चार वर्सात..." आत्या थांबली. तिनं टाकावरच्या खड्ड्यावर अंगठा फिरवला. पत्र्याच्या रेघांमध्ये जुनं कुंकू घट्ट बसलेलं होतं. "माय इकडं सोता लावे, आन् थे तिकडं लावे."

"हो."

"मंग पुसलं कोनी?"

मी म्हटलं, "कोणीच नाही."

आत्या उठली. "डबी आन."

मी कुंकवाची डबी आणली, आणि अनसाबाईची आठवण ठेवून देवघरातून एक काडीही आणली. आत्यानं काडीकडे पाहिलं.

"काडी काऊन? माही माय हाये." दोन वर्षांत तिनं कुंकवाला हात लावला नव्हता. तिनं बोट बुडवलं आणि त्या नखाएवढ्या कपाळावर कुंकू लावलं. निम्मं सांडलं. मग पदर खोचून ती माझ्यावर ओरडली, "बसली काऊन? पीठ भिजव! कोन्या सवाष्णीले बोलावलं का नाई?"

नवमी झाली. उशिरा झाली, वरण पातळ झालं, शेजारची सवाष्ण दोन वाजता जेवली. हात धुताना आत्यानं पाठमोरीच विचारलं, "तिकडं त्याचं पित्तर कवा असते?"

"द्वादशीला. पण ते लोक वाढतात, आत्या. तिथं जेवत असेल तो."

"जेवू दे तिकडं," आत्या म्हणाली. ती बराच वेळ हातच धूत राहिली. "इथं बी एक पान मांड. येतो मनला व्हता ना."